अल्पाका : एका लोकरधनाची जोपासना

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबईच्या न्यायालयांत वकिली करणाऱ्या, किंवा दफ्तरांत आणि पेढ्यांत कारकुनी करणाऱ्या पुष्कळ मंडळींच्या अंगावर जो काळा, किंचित चकाकणारा, वजनाला हलका आणि उन्हाळ्यातही सोसवणारा अल्पाकाचा कोट असे, त्याच्या कापडाचा ताणा सुताचा आणि बाणा तेवढा लोकरीचा असे. आणि ही लोकर ज्या जनावराच्या अंगावर वाढत होती ते जनावर पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या थंड पठारांवर, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर चरत होते. कोट गेला, त्याचे कापडही बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले. परंतु ते जनावर आणि त्याला पाळणारी माणसे आजही त्याच पठारावर आहेत, आणि त्यांच्या धंद्यात जी बुद्धी, जो संयम आणि जी पिढ्यान्‌पिढ्यांची निवड ओतलेली आहे तिची ओळख आपल्याकडे फारशी कोणी करून दिलेली नाही.

उंट म्हटला की आपल्यापुढे मारवाडची वाळू उभी राहते. वस्तुतः उष्ट्रकुलाचा उगम उत्तर अमेरिकेत सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी झाला, तेथून एक शाखा बेरिंगच्या भूसेतूवरून आशियात आली व तिच्यापासून एका आणि दोन मदारींचे उंट उत्पन्न झाले, आणि दुसरी शाखा सुमारे तीस लक्ष वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत उतरून अँडीज पर्वताच्या रांगांत स्थिरावली. या दक्षिणी शाखेत आज चार जाती आहेत. ग्वानाको आणि विकुन्या या दोन रानटी. लामा आणि अल्पाका या दोन माणसाने माणसाळवलेल्या. लामा ओझ्यासाठी, अल्पाका लोकरीसाठी. चारही जातींत गुणसूत्रांची संख्या ७४ असल्यामुळे त्यांचा परस्परांशी संकर होतो, आणि बहुतेक संकरज प्रजांप्रमाणे ही संतती वांझ न निघता पुढेही प्रजोत्पादन करते. या शेवटच्या गोष्टीचे परिणाम अल्पाकाच्या इतिहासात फार दूरवर पोहोचले आहेत, म्हणून ती येथेच नमूद करून ठेवतो.

अल्पाकाचा पूर्वज कोण, याविषयी निसर्गशास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद होता. कोणी त्याला ग्वानाकोचा वंशज मानीत, तर कोणी लामा आणि विकुन्या यांचा संकर. पेरूतील हुनीन प्रांतात तेलारमाचाय नावाचा एक शैलाश्रय आहे. त्याच्या उत्खननात शिकारी माणसांनी थरावर थर टाकलेली हाडे सापडली, आणि त्या थरांत सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास अल्पाकाच्या धर्तीचे पुढचे दात प्रथमच आढळू लागतात. विकुन्याचे पुढचे दात उंदराच्या दातांसारखे आयुष्यभर वाढतात आणि त्यांच्या एकाच बाजूला कठीण लेप असतो. अल्पाकाच्या दातांची घडण याच्याशी नाते सांगते. पुढे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने या पुराव्याला दुजोरा दिला, आणि अल्पाका हा विकुन्याचाच माणसाळलेला वंशज असल्याचे ठरून त्याची गणना लामाच्या प्रजातीतून काढून विकुन्याच्या प्रजातीत करण्यात आली. विकुन्याची लोकर जगातील अत्यंत तलम लोकरींपैकी असून तिचा तंतू बारा-तेरा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या बारा-तेरा पट जाडीचा असतो. मात्र ते जनावर लहान, चपळ आणि भिडस्त असून त्याच्या अंगावर ती लोकर अगदी थोडी येते. तिचे मार्दव राखावे, प्रमाण वाढवावे आणि जनावर माणसाच्या वाड्यात शांतपणे उभे राहावे, हा उद्योग अँडीजच्या मेंढपाळांनी शेकडो पिढ्या केला.

ज्या मुलखात हा उद्योग झाला त्याला पुना म्हणतात. झाडे जेथे उगवत नाहीत आणि बटाट्याखेरीज फारसे काही पिकत नाही, त्या उंचीच्या वरचे हे माळ आहेत. दिवसा ऊन कडक, रात्री पाणी गोठवणारी थंडी, आणि कोरड्या ऋतूत ‘इचु’ नावाचे राठ, सुईसारखे गवत एवढाच बहुतेक चारा. या माळांत जागोजाग हिमनद्यांच्या आणि झऱ्यांच्या पाण्यावर पोसलेल्या पाणथळ जागा असतात. त्यांना तेथे ‘बोफेदाल’ म्हणतात. त्यांच्यातील उशीसारख्या दाट, आखूड, हिरव्या वनस्पती अल्पाकाला प्राणाहून प्रिय. लामा कोरड्या उतारावर राठ गवत खाऊन भागवतो; अल्पाका मात्र ओल्या, कोवळ्या चाऱ्याच्या शोधात असतो, आणि म्हणून जेथे बोफेदाल आहे तेथे अल्पाकाचे धन आहे, असे सामान्यतः समजावे. अनेक ठिकाणी पाळणाऱ्यांनीच पाटांनी पाणी फिरवून हे पाणथळ निर्माण केलेले व शतकानुशतके राखलेले आहेत. तेव्हा त्यांना निव्वळ निसर्गाची देणगी म्हणणे त्या माणसांवर अन्याय करणारे होईल.

या प्रदेशाला लागणारे शरीरच अल्पाकाला मिळालेले आहे. त्याच्या रक्तपेशी लहान व लंबगोल असून विरळ हवेतला प्राणवायू घट्ट धरून ठेवतात. पायाला खूर नसून दोन बोटे, त्यांवर नखे आणि खाली मऊ गादी असते, त्यामुळे ओल्या हिरवळीवरून शेकडो जनावरे गेली तरी जमीन तुडवली जाऊन तिचा चिखल होत नाही. तो रवंथ करतो, पण गाईप्रमाणे त्याच्या जठराचे चार कप्पे नसून तीन असतात, आणि निकृष्ट चाऱ्यातूनही तो सत्त्व काढतो. सारा कळप ठरावीक जागीच लेंड्या टाकतो. झाडे नसलेल्या त्या देशात या वाळलेल्या लेंड्या म्हणजेच चुलीचे सरपण आणि बटाट्याच्या शेताचे खत. खांद्याशी उंची सुमारे ८० ते १०० सेंटिमीटर, वजन साधारणतः ५० ते ८० किलो, आयुष्य १५ ते २० वर्षे.

पैदाशीच्या बाबतीत मात्र या जनावराची रीत आपल्या परिचयाच्या सर्व गुराढोरांहून इतकी निराळी आहे की तिच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. गाय, शेळी, मेंढी ठरावीक दिवसांनी माजावर येते. अल्पाकाची मादी अशी माजावर येतच नाही. तिच्या शरीरात बीजांड परिपक्व होऊन वाट पाहत असते, आणि नराशी समागम झाल्यानंतरच, सुमारे तीस तासांनी, ते सुटते. नर जवळ येताना घशातून एक अखंड, घोगरा गुणगुणाट करतो. मादी राजी असल्यास पाय दुमडून जमिनीवर बसते, आणि समागम वीस-वीस मिनिटे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ चालतो. बीजांड सुटण्याचे कारण म्हणजे ही दीर्घ क्रिया व तो गुणगुणाट असेच पुष्कळ वर्षे मानले जाई. परंतु नराच्या रेतातच एक प्रथिन असते आणि तेच मादीच्या मेंदूला बीजांड सोडण्याचा हुकूम देते, असे पुढे दिसून आले, आणि २०१२ मध्ये त्या प्रथिनाची ओळख पटली तेव्हा मज्जातंतूंच्या वाढीस साह्य करणारे म्हणून शास्त्राला पूर्वीच ठाऊक असलेले प्रथिन तेच असल्याचे ठरले.

मादी फळली की नाही हे पाहण्याची पाळणाऱ्यांची रीतही अशीच सरळ आहे. दोनएक आठवड्यांनी तिला पुन्हा नरापुढे आणतात. गाभण असेल तर ती कान मागे टाकून त्याच्यावर थुंकते, लाथा झाडते व पळू पाहते, आणि रिकामी असेल तर बसते. ही चाचणी अचूक नाही, परंतु उपकरणांवाचून होते, आणि ध्वनिलहरींच्या यंत्राने गर्भ पाहण्याची सोय असलेल्या देशांतही तिचा त्याग कोणी केलेला नाही. गर्भ जवळजवळ नेहमी गर्भाशयाच्या डाव्या शिंगात वाढतो. गर्भकाळ साडेअकरा महिन्यांचा. पिल्लू एकच, जुळी इतकी दुर्मिळ की ती जगणे हा अपवादांतला अपवाद.

वीण बहुधा सकाळी होते, आणि दुपार उलटल्यावर क्वचित. यामागचे प्रयोजन उघड आहे: रात्री पाणी गोठणाऱ्या प्रदेशात ओले पिल्लू सूर्यास्तापूर्वी कोरडे होऊन उभे राहिले नाही तर ते सकाळ पाहत नाही, आणि ज्या वंशातील माद्या संध्याकाळी विऊ लागल्या त्यांचे वंश केव्हाच खुंटले. गाय आपले वासरू चाटून कोरडे करते तशी अल्पाकाची आई करीत नाही. पिल्लावर जन्मतः एक पातळ त्वचेसारखे आवरण असते, ते उन्हावाऱ्याने वाळून गळून पडते. सहा ते आठ किलोंचे ते पिल्लू तासा-दोन तासांत उभे राहते आणि कास शोधते. आईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात उतरत नसल्यामुळे पहिला चीक हेच त्याचे सारे कवच. पहिल्या चोवीस तासांत आपल्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. तो गेला नाही, किंवा पावसाळ्यात चिखललेल्या वाड्यात पिल्ले दाटीने राहिली, तर आंत्रविषाराची साथ शिरते, आणि ती शिरली म्हणजे एका हंगामात कळपातील पिल्लांचा तिसरा हिस्सा, कित्येकदा त्याहून अधिक, ती घेऊन जाते. पुनावरील पाळणाऱ्याचे दुःख पाहायचे असेल तर ते या महिन्यांत पाहावे. अकरा महिने वाट पाहून मिळालेले धन दोन दिवसांत जाते, आणि पशुवैद्य बहुधा कित्येक तासांच्या वाटेवर असतो.

आता या सर्व गोष्टींचा हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या कुटुंबाजवळ शंभर माद्या आहेत. अँडीजमधील अनेक कळपांत वर्षाला जेमतेम निम्म्या माद्या वितात. म्हणजे पन्नास पिल्ले. त्यांपैकी तिसरा हिस्सा गेला तर तेहतीस-चौतीस उरली, त्यांतील निम्मे नर. हाती आलेल्या माद्या सोळा-सतरा. दरवर्षी म्हातारपणाने, रोगाने आणि थंडीने ज्या माद्या कमी होतात त्यांची जागा भरण्यातच या सोळा-सतरा खर्ची पडतात. मग ‘ही ठेवू, ही काढू’ असे म्हणण्याची सवड त्या पाळणाऱ्याला राहिली कोठे? ज्याला पैदाशीतली निवड म्हणतात ती शिल्लक असलेल्यालाच परवडते, आणि शिल्लक निर्माण होते ती पिल्ले वाचवल्याने. म्हणून माझे मत असे आहे की अल्पाकाची लोकर सुधारण्याचा मार्ग लोकरीच्या परीक्षेपासून सुरू होत नाही, तो पिल्लांच्या वाड्यापासून सुरू होतो. कोरडी जागा, वेळेवर चीक आणि एक लहानसे छप्पर यांनी जेवढी सुधारणा होईल तेवढी उंची नर विकत आणूनही होणार नाही.

तथापि नराचे महत्त्व कमी लेखून चालणार नाही, कारण मादी वर्षाला एकच पिल्लू देते पण नराची संतती अनेक असते. पूर्वापार रिवाज असा की जानेवारी ते मार्च या पावसाच्या, चाऱ्याच्या सुबत्तेच्या महिन्यांत सारे नर एकदम कळपात सोडायचे. संशोधकांना यात एक दोष आढळला: पहिले काही दिवस नर अत्यंत उत्साही असतात, आणि मग त्याच माद्यांच्या सहवासात त्यांचा उत्साह मंदावतो. म्हणून नरांच्या दोन तुकड्या करून त्यांची पाळीपाळीने बदली करण्याची तजवीज निघाली, आणि तिने गाभण राहणाऱ्या माद्यांचे प्रमाण चांगलेच वाढते असे दिसून आले. कुस्को आणि पुनो यांच्या मधल्या घाटात ला राया येथे सान मार्कोस विद्यापीठाच्या संशोधन-केंद्रात अल्पाकाच्या प्रजननाविषयीचे पुष्कळसे मूलभूत काम झाले. गाईंच्या बाबतीत ज्या कृत्रिम रेतनाने एका वळूची संतती देशभर पोहोचली ते येथे अजून तितकेसे साधलेले नाही, कारण अल्पाकाचे रेत इतके चिकट असते की ते पातळ करणे, गोठवणे आणि पुन्हा जिवंत करणे हे तिन्ही कठीण जाते. नराला वयात यायलाही अडीच-तीन वर्षे लागतात. सारांश, या जनावराच्या बाबतीत कशाचीच घाई करता येत नाही.

लोकरीच्या दृष्टीने अल्पाकाच्या दोन जाती आहेत. उवाकाया या जातीची लोकर अंगाशी काटकोनात उभी, दाट, बारीक कुरळी आणि दाबली असता पुन्हा फुगून येणारी. सुरी या जातीची लोकर लांब बटांनी खाली लोंबणारी, कुरळेपणारहित आणि रेशमासारखी तकतकीत. पेरूत सुरींचे प्रमाण पुष्कळच कमी आहे, कारण पाठीवर भांग पडून दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या त्या बटांमुळे पिल्लाच्या पाठीला थंडीपावसापासून पुरेसे संरक्षण मिळत नाही. कातरणी वर्षातून एकदा, बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात, हवा उबदार होऊ लागली म्हणजे होते, आणि पुनावर एका जनावरामागे दीड-दोन किलो लोकर मिळते. मेंढीच्या लोकरीत असतो तसा मेणचट अंश हिच्यात फारच थोडा असल्यामुळे ती धुतल्यावर वजनात फारशी घटत नाही. पहिल्या प्रतीच्या लोकरीला बाजारात ‘बेबी’ म्हणतात आणि तिचा तंतू सुमारे २३ मायक्रॉनपर्यंतचा असतो. ती पिल्लांचीच असते असे मात्र नाही, मोठ्या जनावराच्या पाठीवरचा उत्तम भागही त्या प्रतीत बसू शकतो. ही प्रतवारी आजही आरेकिपा शहरातील कोठारांत स्त्रिया हातांनी करतात. एका लोकरीच्या गठ्ठ्यातून पाठ, मान, पोट, पाय यांचे भाग निरनिराळे काढून त्या बोटांच्या स्पर्शावर दोन-तीन मायक्रॉनांचा फरक ओळखतात, आणि ही विद्या अंगी यायला अनेक वर्षे जातात.

एके काळी अल्पाकाची लोकर आजच्याहून पुष्कळ तलम होती, असे मानायला सबळ आधार आहे. दक्षिण पेरूत एल याराल नावाच्या स्थळी सुमारे हजार वर्षांपूर्वी बळी देऊन घरांच्या जमिनीखाली पुरलेले लामा आणि अल्पाका वाळवंटी हवेने जसेच्या तसे सुकून राहिले आहेत. त्यांच्या कातडीवरची लोकर मोजली तेव्हा त्यांतील अल्पाकांचा एक वर्ग सुमारे १८ मायक्रॉनांचा, आणि डोक्यापासून पायापर्यंत जवळजवळ एकसारख्या जाडीचा निघाला. असा एकसारखेपणा आपोआप येत नाही. त्यामागे कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या काटेकोर निवड केलेली असते. पुढे इंकांच्या राज्यात तर कळपांचे व्यवस्थापन हे सरकारचे एक मोठे खातेच होते. राज्याचे कळप वेगळे, सूर्यमंदिरांचे वेगळे, गावकीचे वेगळे. त्यांची खानेसुमारी ‘किपू’ नावाच्या गाठी मारलेल्या दोऱ्यांवर ठेवली जाई, आणि ती ठेवणारे स्वतंत्र अधिकारी असत. गार्सिलासो दे ला व्हेगा, ज्याची आई इंका राजघराण्यातली आणि बाप स्पॅनिश सरदार, याने लिहून ठेवले आहे की कळप रंगावार विभागलेले असत, आणि आईबापांहून निराळ्या रंगाचे पिल्लू झाले तर त्याची रवानगी त्या-त्या रंगाच्या कळपात करीत. लोकरीचे कापड हे त्या राज्यात सोन्याहून अधिक प्रतिष्ठेचे असे, सैनिकांना व सरदारांना इनाम म्हणून तेच मिळे, आणि अर्थात त्यामागच्या जनावराची नोंदही तितक्याच दक्षतेने राखली जाई.

१५३२ नंतर हे दफ्तर जळाल्यासारखे झाले. स्पॅनिश विजेत्यांनी आपल्या मेंढ्या, गाई व घोडे यांच्यासाठी चांगल्या कुरणांचा ताबा घेतला. लढाया, साथी आणि बेसुमार कत्तल यांनी माणसे आणि जनावरे दोन्ही घटली. उरलेले कळप त्यांच्या धन्यांसह सर्वांत उंच, सर्वांत हलाखीच्या माळांवर ढकलले गेले. तेथे लामा आणि अल्पाका एकाच वाड्यात राहू लागले, आणि आरंभी सांगितलेला संकर बेबंदपणे होऊ लागला. लामा नर आणि अल्पाका मादी यांच्या संततीला ‘उवारिसो’ म्हणतात. तिची लोकर वजनाला अधिक पण जाड, आणि ही संतती दिसायला अल्पाकासारखीच असल्यामुळे पुन्हा अल्पाकांच्या कळपातच मिसळते. आनुवंशिक तपासण्यांत आजच्या बहुसंख्य अल्पाकांत लामाचा अंश आढळला तो या जवळजवळ पाच शतकांचा संचय आहे. लोकर जशी कळपात राहते तशी तिची विद्या माणसांत राहते, आणि येथे माणसेच नाहीशी झाली होती.

युरोपला या लोकरीची खरी किंमत कळली ती टायटस सॉल्ट या यॉर्कशायरच्या गिरणीवाल्यामुळे. १८३६ मध्ये लिव्हरपूलच्या एका गोदामात कोणी न विचारलेल्या अल्पाकाच्या गासड्या त्याने पाहिल्या, नमुना घरी नेऊन स्वतः पिंजून कातून पाहिला, सारा साठा विकत घेतला, आणि सुती ताण्यावर अल्पाकाचा बाणा घालून ते चकाकते कापड तयार केले, ज्याची एक फार उशिराची आवृत्ती आपल्या वकिलांच्या अंगावर आली. व्हिक्टोरिया राणीने विंडसर येथे पाळलेल्या दोन अल्पाकांची लोकर त्याच्याकडे विणायला पाठवली होती. १८५३ मध्ये त्याने एअर नदीकाठी उघडलेली गिरणी आणि तिच्याभोवती कामगारांसाठी वसवलेले सॉल्टेअर हे गाव आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. या भरभराटीमुळे इतरांनाही हे जनावर आपल्या मुलखात न्यावेसे वाटू लागले, आणि पेरूने जिवंत अल्पाका देशाबाहेर नेण्यास बंदी केली. ती मोडून चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रजाने बोलिव्हिया, अर्जेंटिना व चिली अशा आडवाटांनी कळप हाकीत नेऊन १८५८ च्या अखेरीस सुमारे अडीचशे जनावरे सिडनीला उतरवली. पुढे ज्या सिंकोना वृक्षाच्या बियांमुळे जावामध्ये क्विनीनचे मळे बहरले त्या बिया मिळवून देणारा गृहस्थ तो हाच. परंतु ऑस्ट्रेलियात अल्पाका रुजले नाहीत, काही वर्षांत कळप लिलावात विखुरला, आणि तेथे त्यांचे पुनरागमन व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आगमन झाले ते थेट १९८० नंतर.

पेरूत मात्र याच व्यापाराने एक दीर्घ नुकसान केले. आरेकिपाच्या पेढ्यांचे दलाल माळावर जाऊन लोकर घेत ती सरसकट, प्रत न पाहता, वजनावर. तलम लोकर वजनाला हलकी आणि जाड लोकर भारी. मग ज्याला चार पैसे अधिक हवेत त्याने जाड लोकरीचे जनावर का राखू नये? पाळणाऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. त्याने जे केले ते त्याच्यापुढे ठेवलेल्या भावाला सर्वस्वी अनुसरून होते. उलट जेथे एखाद्याने हेका धरला तेथे काय होऊ शकते याचे उदाहरण पुनो प्रांतातील माकुसानीजवळच्या आक्कोयो या ठाण्याचे आहे: हुलियो बार्रेदा यांनी सुमारे अर्धशतक तेथे सुरी आणि उवाकाया वेगळे ठेवून, संशयित संकर निर्दयपणे वगळून, लोकर, बांधा आणि चाल पाहून नर निवडले, आणि आज जगभरच्या पाळणाऱ्यांच्या वंशावळींत आक्कोयो हे नाव अभिमानाने सांगितले जाते. त्याच प्रांतातील पाकोमार्का या संशोधन-क्षेत्रात प्रत्येक जनावराच्या लोकरीची, वजनाची आणि संततीची नोंद संगणकावर ठेवून निवड करतात. किपूची विद्या दुसऱ्या साधनाने पुन्हा सुरू झाली असे म्हणायला हरकत नाही.

अँडीजबाहेर ज्यांना हे जनावर पाळायचे असते त्यांना काही गोष्टी पुन्हा शिकाव्या लागतात. एकटा अल्पाका झुरतो. निदान तिघे एकत्र असावेत. उत्तर युरोपच्या मंद हिवाळी उन्हात, एवढ्या दाट लोकरीखाली, त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही आणि पिल्लांना मुडदूस होतो. कडक उन्हाळ्यात जनावर तापले तर पाणी पाठीवर न ओतता पोटावर व पायांवर मारावे, कारण भिजलेली लोकर उष्णता आत कोंडते आणि पोटाखालची विरळ जागा हीच तिच्या निचऱ्याची वाट. सखल, दमट कुरणांत जंतांचा उपद्रव पुनाच्या कितीतरी पट. आईविना वाढलेल्या नर पिल्लाला बाटलीने दूध पाजून लाडावले तर ते माणसालाच आपल्या जातीचे समजू लागते आणि वयात आल्यावर माणसावर चालून येते. सर्वांत कठीण गोष्ट ही की अल्पाका आपले दुखणे दाखवत नाही. कळपात तो अखेरपर्यंत उभा राहतो, आणि लोकरीखाली तो किती खंगला आहे हे दिसत नाही, म्हणून दर महिन्याला वजन करावे आणि पाठीच्या कण्यावर हात फिरवून मांस चाचपावे. भरपूर खुराक मिळालेल्या अल्पाकाची लोकर वजनात वाढते, परंतु तंतूही जाड होतो. तेव्हा माळावरच्या लोकरीची तलमता काही अंशी तेथल्या टंचाईचीही देणगी आहे, हे परदेशी पाळणाऱ्याने विसरू नये.

पेरूत आज पस्तीस-चाळीस लाख अल्पाका, म्हणजे जगातील बहुतांश, आहेत, आणि ते मुख्यतः लहान-लहान कुटुंबांच्या हाती आहेत. गुरे वळायचे काम बायका आणि मुले करतात. दख्खनचा धनगर जसा आपली मेंढी तोंडावरून ओळखतो तशीच ती प्रत्येक जनावर ओळखतात. फेब्रुवारीत, उत्सवाच्या दिवसांत, जनावरांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे बांधले जातात आणि भूमातेला कोकाची पाने वाहिली जातात. कुस्कोचे मानववंशशास्त्रज्ञ होर्खे फ्लोरेस ओचोआ यांनी पारातिया येथील पाळणाऱ्यांविषयीच्या आपल्या १९६८ च्या ग्रंथापासून पुढे या लोकांच्या समजुती आणि त्यांची रंगांची विस्तृत परिभाषा नोंदवून ठेवली. अल्पाका हे पर्वतदेवतांचे धन असून माणसाला ते उसने दिलेले आहे, त्याची आबाळ झाली तर ते झऱ्यांतून आले तसेच परत जाईल, अशी तेथे श्रद्धा आहे, आणि तिच्यामुळे कळपाशी वागण्यात जी मर्यादा येते ती मला मोलाची वाटते.

रंगांचा प्रश्न मात्र आज निकडीचा झाला आहे. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, मधल्या बदामी, तपकिरी, तांबूस आणि राखी छटा धरून, अल्पाकाच्या लोकरीचे बावीस नैसर्गिक रंग पेरूचे व्यापारी मोजतात. गिरण्यांना हवी असते पांढरी लोकर, कारण तिच्यावर कोणताही रंग चढतो. म्हणून पांढऱ्याला भाव अधिक, आणि गेल्या शतकात पांढरे नर सर्वत्र पसरून रंगीत कळप झपाट्याने आटले. संपूर्ण पांढरेपणाच्या या हव्यासात निळ्या डोळ्यांची पांढरी पिल्लेही जन्माला येतात, आणि त्यांतली पुष्कळशी बहिरी असतात. माझ्या मते ही निवड आखूड दृष्टीची आहे. रासायनिक रंगांवाचून विणलेल्या कापडाला आता मागणी वाढते आहे, आणि जो काळा किंवा राखी वंश एकदा नष्ट झाला तो पुन्हा उभा करायला, वर्षाला एक पिल्लू या गतीने, पिढ्या लागतील. पेरूच्या कृषि-संशोधन संस्थेने पुनो प्रांतात किमसाचाता येथे रंगीत अल्पाका व लामा यांचे कळप वंशसंरक्षणासाठी म्हणून वेगळे राखले आहेत; तेथील नर आसपासच्या पाळणाऱ्यांच्या कळपांत जितके पोहोचतील आणि रंगीत लोकरीला पेढ्यांवर पांढरीइतकाच भाव जितक्या लवकर मिळू लागेल, तितक्या प्रमाणात हे रंग माळावर टिकतील.